मरण देण्याचं शिक्षण

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू आजारी पडलं. औषधपाणी झालं, सेवा झाली, पण जनावरांच्या डॉक्टरांनी शेवटी हात टेकले. कूस बदलून दिली तरी त्याला यातना होत होत्या. गांधीजी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी बोलले, विरोध करणाऱ्यांचंही ऐकून घेतलं, आणि मग डॉक्टरांना बोलावून स्वतःच्या देखत त्या वासराला विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. त्यावर त्यांनी जाहीरपणे लिहिलं, तेव्हा संतापलेल्या लोकांच्या पत्रांचा पाऊस पडला.

या घटनेची चर्चा आजवर अहिंसेच्या अर्थाभोवती झाली. पशुसंवर्धन शिकवणारा माणूस म्हणून माझं लक्ष दुसरीकडे जातं. मरण द्यायचा निर्णय ज्याने घेतला तो तिथून उठून गेला नाही, आणि ज्या हाताने ते दिलं तो हात जाणता होता. जगाला या दोन गोष्टी समजायला फार काळ लागला. आमच्या कृषी शिक्षणाला तर त्या अजूनही पुरत्या समजलेल्या नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे दयेचा मुख्य प्रवाह न मारण्याचाच आहे. मुंबईत भटकी कुत्री मारण्यावरून १८३२ साली दंगल झाली आणि त्यानंतर १८३४ मध्ये भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभा राहिला. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. म्हाताऱ्या, भाकड जनावराला शेवटपर्यंत चारा-पाणी देणं ही लहान गोष्ट नाही. पण ज्याचं दुखणं चाऱ्या-पाण्याने कमी होणार नाही, उलट दर तासाला वाढणार आहे, त्या जनावराचं काय करायचं, याचं उत्तर ही परंपरा देत नाही. ते उत्तर शोधण्याचं काम जिथे जनावरं रोज मारली जातात तिथेच झालं.

मारणाऱ्याने आधी शिकलं पाहिजे, ही कल्पना मुळात आधुनिक नाही. ज्यू परंपरेत जनावर कापणाऱ्या शोहेतला शास्त्र शिकावं लागतं, त्यात उतरावं लागतं आणि मगच त्याला परवानगी मिळते. सुरीची धार तो नखावर फिरवून पाहतो, आणि केसभर खाच लागली तरी ती सुरी बाजूला पडते. कोकणातल्या आपल्या बेने इस्राएल कुटुंबांनाही ही शिस्त ठाऊक आहे. सुरी धारदार असावी आणि जनावरासमोर तिला धार लावू नये, अशी शिकवण इस्लाममध्येही आहे. बेशुद्ध न करता कापल्याने वेदना होतात का, यावर आज शास्त्रज्ञ आणि धर्मपंडित वाद घालतात. मी स्वतः आधी बेशुद्ध करण्याच्या बाजूचा आहे. तरीही हे मान्य केलं पाहिजे, की मारणाऱ्याची परीक्षा घेण्याची कल्पना या जुन्या लोकांना पुष्कळ आधी सुचली होती.

युरोपातल्या साध्या कत्तलखान्यात अशी कसली शिस्त नव्हती. लांब दांड्याच्या हत्याराने गुराच्या डोक्यात घाव घालायचा. हात बसलेला असला तर एका घावात जनावर खाली येई. नवशिका असला तर दुसरा, तिसरा, चौथा. आणि नवशिक्याचा हात बसायचा तो जिवंत जनावरांवरच. १८९३ मध्ये स्वित्झर्लंडने जनमत घेऊन, बेशुद्ध केल्याशिवाय जनावर कापायला बंदी घातली. त्या मोहिमेत प्राण्यांविषयीच्या कळवळ्याइतकाच ज्यूंविषयीचा द्वेषही होता. हा इतिहास विद्यार्थ्यांना सांगायलाच हवा, कारण दयेचं नाव पुढे करून माणसांना ठोकण्याचा प्रकार आपल्यालाही अनोळखी नाही.

पुढची चाळीसेक वर्षं सारं लक्ष हत्यारावर होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या स्ट्राउबिंग शहराच्या कत्तलखान्याचे संचालक ह्यूगो हाइस यांनी गोळी न सोडणारं पिस्तूल पुढे आणलं. कपाळावर टेकवून चाप ओढला की आतला पोलादी दांडा कवटीवर आदळून परत आत जातो आणि जनावर त्याच क्षणी कोसळतं. ब्रिटनमध्ये १९११ पासून एक संस्था याच कामाला वाहून घेऊन उभी राहिली. ह्यूमेन स्लॉटर असोसिएशन या नावाने ती आजही शिकवते, पुस्तिका काढते. १९३३ मध्ये तिथे कायदा आला, अमेरिकेत १९५८ मध्ये. अमेरिकेच्या कायद्यातून कोंबड्या वगळल्या गेल्या, त्या आजही वगळलेल्याच आहेत. कत्तलखान्यात संख्येने सर्वांत जास्त मारला जाणारा जीव कायद्याच्या बाहेर राहिला.

हत्यार आलं, कायदा आला, म्हणजे प्रश्न सुटला असं पुष्कळांना वाटलं. तसं झालं नव्हतं, हे टेंपल ग्रँडिन यांनी दाखवून दिलं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या या प्राध्यापिका स्वतः स्वमग्न आहेत, आणि गुराच्या डोळ्याने बघण्याची त्यांची हातोटी जगभर माहीत आहे. १९९६ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी कत्तलखान्यांची पाहणी केली. शंभरातली पंच्याण्णव गुरं पहिल्याच वेळी बेशुद्ध व्हावीत, अशी त्यांची कसोटी होती. जेमतेम ३० टक्के कारखाने त्या कसोटीला उतरले. कारणं काय निघाली? पिस्तुलाची साफसफाई नाही, देखभाल नाही. बोळात एखादी साखळी लोंबकळतेय, ओल्या जमिनीवर प्रकाश चमकतोय, तोंडावर वाऱ्याचा झोत येतोय, म्हणून जनावर बिचकतं, मान फिरवतं आणि नेम चुकतो. १९९९ मध्ये मॅकडोनाल्डसारख्या बड्या खरेदीदारांनी याच कसोटीवर तपासणी लावली, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याच यंत्रांनी काम नीट होऊ लागलं. म्हणजे खोट जाणतेपणात होती, आणि कुणीतरी उभं राहून मोजतंय की नाही, यात होती.

आणखी एका गोष्टीकडे ग्रँडिन यांनी लक्ष वेधलं. रोज मारण्याचं काम करणारी काही माणसं यंत्रासारखी होतात, आणि काहींना त्यात क्रूर आनंद मिळू लागतो. म्हणून हे काम एकाच माणसाकडे कायम ठेवू नये, आळीपाळीने द्यावं.

इथपर्यंतचा विचार कत्तलखान्याचा होता. शेतातल्या, गोठ्यातल्या, शेडमधल्या मरणाकडे बघायला अजून वेळ लागला. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली, त्यातली कितीतरी शेतकऱ्याच्या दारात. आठ वर्षांनी, २००९ मध्ये, युरोपीय संघाने केलेल्या नियमांत कत्तलखान्यातल्या कामगारासाठी प्रशिक्षण आणि दाखला सक्तीचा झाला. त्याच नियमांतलं एक कलम मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो. हाताने मान निखळवून कोंबडी मारायची असेल तर ती तीन किलोपेक्षा जड नसावी, आणि एका माणसाने एका दिवसात सत्तरपेक्षा जास्त मारू नयेत. हात थकतो. थकलेल्या हाताखालच्या एकाहत्तराव्या कोंबडीचं मरण पहिलीसारखं होत नाही. एवढी साधी गोष्ट कायद्याच्या भाषेत यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. थोड्या दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. ते काम करणारी माणसं पांढरे पोशाख आणि मास्क घालून शेडमध्ये शिरताना अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. हातमोज्यांची, टॅमिफ्लूच्या गोळ्यांची चर्चा भरपूर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण या माणसांना मारायचं कसं हे कुणी शिकवलं होतं का, दिवसभर तेच करून रात्री त्यांना झोप लागत होती का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

ही दुसरी बाजू तत्त्वज्ञ बर्नार्ड रॉलिन यांनी मांडली. जनावरांची काळजी घ्यायची म्हणून जो माणूस या व्यवसायात येतो, त्याच्याच वाट्याला त्यांना मारणं येतं. हा ताण साध्या कामाच्या ताणापेक्षा वेगळा आहे. तो विश्रांतीने जात नाही, सुट्टी देऊनही जात नाही. रॉलिन त्याला नैतिक ताण म्हणत. मी त्यात एवढीच भर घालीन, की न शिकवता हे काम करायला लावलं तर हा ताण दुप्पट होतो. चुकलेल्या हाताची आठवण माणसाच्या मनातून जात नाही.

आमच्याकडे कृषीच्या वर्गात बसणारी बहुतेक मुलं शेतकऱ्याच्या घरातली असतात. जत्रेत बोकड पडलेला त्यांनी पाहिलेला असतो. मरण त्यांना नवीन नसतं. नवीन असतो तो निर्णय. ब्रॉयलरच्या शेडमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय फाकलेला एखादा पक्षी दिसतोच. वजन झपाट्याने वाढतं, पाय पेलत नाहीत. पंख जमिनीवर टेकवत तो सरकतो, छातीखालची त्वचा तुसाने लाल होते, आणि ड्रिंकरपर्यंत त्याची चोच पोचत नाही. शेडवरचा मुलगा दाणा भरताना त्याला ओलांडून जातो. ‘उद्या बघू’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो पक्षी मरीच्या बादलीत असतो आणि वहीत एक आकडा वाढतो. कुणी त्याला मारलेलं नसतं. तहानेने मरायला त्याला अख्खी रात्र लागलेली असते. या ‘उद्या बघू’इतकी क्रूर गोष्ट मी या व्यवसायात दुसरी पाहिलेली नाही, आणि ती दुष्टपणातून येत नाही. कसं मारायचं हे ठाऊक नसल्याने येते.

म्हणून शिकवताना ‘कधी’ आधी येतं. पक्षी पाण्यापर्यंत जातो का, हाकललं तर उठतो का, वेगळा ठेवून सुधारेल का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर आजच, या फेरीतच. मग ‘कसं’. सुरुवात दुसऱ्या कारणाने मेलेल्या पक्ष्यावर. कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्यामधली जागा बोटाने चाचपायची. निखळल्यावर तिथे बोटभर खळगा लागतो, तो प्रत्येकाने हाताने जाणून घ्यायचा. त्यानंतर शिक्षकाच्या हाताखाली, एकेकाने.

खरी अवघड गोष्ट पुढे येते. मान निखळल्यावर पंख जोराने फडफडतात, पाय झटके देतात. मुलं दचकतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, कुणी पक्षी टाकून देतं. ते झटके मज्जारज्जूतले असतात, त्यावरून काही कळत नाही. बघायचं असतं ते डोळ्यात आणि श्वासात. बुबुळाला बोटाचं टोक अलगद लावलं तर पापणी मिटते का? छाती तालात वरखाली होते का? यातलं काही दिसलं तर काम झालेलं नाही, ते तत्काळ पुन्हा करायचं. मान निखळल्याने प्रत्येक पक्षी त्याच क्षणी बेशुद्ध होतोच असं नाही, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. मी ते मुलांपासून लपवत नाही. त्यामुळेच जड पक्ष्याला आधी बेशुद्ध करावं लागतं. आणि डोळा तपासून होईपर्यंत कुणी हात धुवायला जायचं नाही, हा माझ्या वर्गातला नियम आहे.

वर्गात माळकरी घरातली मुलं असतात. कुणी म्हणतं, ‘सर, माझ्याने होणार नाही.’ त्याला मी मारायला लावत नाही. ओळखायला मात्र लावतो. पक्षी कधी सुटकेच्या पलीकडे गेला हे त्याला सांगता आलं पाहिजे आणि त्याच फेरीत जाणत्याला हाक मारता आली पाहिजे. उलट एखाद्याला हे काम फार सोपं जातं, तो हसत हसत आकडा मोजू लागतो. त्याला मी लगेच बाजूला घेतो. दोघांपैकी दुसऱ्याची काळजी मला जास्त वाटते.

मोठ्या जनावरांचं काम पशुवैद्याचं आहे, आणि कायद्याचं भान तिथे जास्त लागतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने यातना सोसणाऱ्या जनावराची सुटका करण्याची वाट ठेवलेली आहे. हा कायदा व्हावा म्हणून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं होतं. २००१ च्या कत्तलखाना नियमांनी तर एका जनावरासमोर दुसरं कापायलाही मनाई केली. कागदावर आपण मागे नाही. कागद आणि शेड यांच्यामध्ये शिकलेला माणूस नाही.

कृषी आणि पशुवैद्यक विद्यापीठांना माझी विनंती आहे. खाद्याचं प्रमाण, उबवणीचं तापमान, लसीकरणाचं वेळापत्रक यांच्या जोडीला हे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात घाला, त्याची वेगळी परीक्षा घ्या, आणि त्यानंतर मुलांशी बसून बोलायला एक तास राखून ठेवा. कंत्राटी कुक्कुटपालन करणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक शेडवर हे काम शिकलेला निदान एक माणूस असल्याची खात्री करूनच पिल्लं उतरवावीत. आणि शेड चालवणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगतो: आज संध्याकाळच्या फेरीत पाय फाकलेला पक्षी दिसला तर त्याला ओलांडून पुढे जाऊ नका.