नक्कल आणि जतन

एखादी वस्तु नुसती हरवूं न देणें म्हणजे तिचें जतन करणें होय काय? हा प्रश्न वरवर पाहतां शब्दच्छलाचा वाटेल. परंतु अलीकडे तो मध्यमवर्गीय गृहस्थाच्या दिवाणखान्यांत येऊन बसला आहे. राउटरशेजारीं एक लहानशी पेटी असते. तींत दोनचार हार्ड डिस्क असतात, आणि घरांतील सर्व संगणकांतील व मोबाइलांतील छायाचित्रें, पत्रें, हिशेब व ध्वनिमुद्रणें तींत सांठविलेलीं असतात. कांहीं वर्षांनीं ही पेटी जुनी होते, जागा अपुरी पडते, आणि सारा संग्रह नव्या पेटींत हलवावा लागतो. ४ टेराबाइटांचा संग्रह गिगाबिट जोडणीवरून न्यावयास सुमारें १० तास पुरतात. रात्रीं आज्ञा द्यावी, सकाळीं काम झालेलें असतें.

इतक्या सुलभ कृत्यांत नीतीचा प्रश्न कोठें आला, असें कोणी विचारील. तो दिसण्यासाठीं नकलेचा जुना धंदा आठवावा. छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथ टिके तो लेखनिकाच्या हातून. जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मला देऊं नये, असें तो पोथीच्या शेवटीं नम्रपणें लिही; तरीहि दोष शिरतच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण झाली. हजाराहून अधिक पोथ्यांतील पाठभेद तोलण्यांत विद्वानांचें जवळजवळ अर्धें शतक खर्चीं पडलें. आजचें यंत्र या बाबतींत फारच प्रामाणिक आहे. प्रत्येक फाइलीवरून तें एक गणिती खूण काढूं शकतें. मूळ व नक्कल यांच्या खुणा जुळल्या म्हणजे एक अक्षरहि बदललें नाहीं असें खुशाल मानावें.

परंतु लेखनिक चुके याचें एक कारण असें कीं, तो वाचीत असे. ग्रंथ एका पिढींतून दुसरींत जातांना निदान एका माणसाच्या डोळ्यांखालून जाई. यंत्र कांहींच वाचीत नाहीं. लग्नांत चारदां काढलेलें एकच छायाचित्र, केव्हांच भरलेल्या विजेच्या बिलाची प्रत आणि दिवंगत आजीचा आवाज हीं तिन्ही त्याला सारखींच. या समदृष्टीला वैराग्य म्हणतां येणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल, न वाचणें हाच यंत्राचा गुण आहे; मुलीचीं पत्रें बापानें कां वाचावीं? हा आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याची ठेव आपल्या हातीं आली म्हणून ती उघडण्याचा अधिकार मिळत नाहीं, आणि अडगळ म्हणून पुसून टाकण्याचा तर मुळींच नाहीं. पण यांतून दुर्लक्षाला मुभा मिळत नाहीं. विचारण्याचें कर्तव्य मात्र निघतें. ज्याचें त्याला विचारावें: हें ठेवावयाचें का? माझ्या मागें हें कोणी पाहिलेलें चालेल? या चित्रांत कोपऱ्यांत उभी असलेली बाई कोण? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आज एखाद्या वृद्ध आत्याबाईंना ठाऊक असतें. पुढच्या स्थलांतराच्या वेळीं तें सांगणारें कोणी असेलच असें नाहीं.

व्यवहाराकडेहि पाठ फिरवूं नये. पेटींतील दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळीं उमटत असला तरी तेवढ्यानें निर्धास्त होतां येत नाहीं, कारण चुकून पुसलें तें दोहोंवरून एकदमच जातें. म्हणून जाणते लोक तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, व त्यांतील एक घराबाहेर, असा नियम सांगतात. खुणा पडताळून झाल्यावांचून जुनी पेटीहि रिकामी करूं नये. मात्र अनोळखी चेहऱ्याच्या तीन प्रती केल्या, तर तो तीन ठिकाणीं अनोळखीच राहतो.

यंत्राला १० तास द्यावयाचेच आहेत. त्यांतला एखादा तास आपण वडील माणसांजवळ बसून नांवें लिहून घेण्यांत घालविला, तर नव्या पेटींत जें जाईल त्याला वारसा म्हणतां येईल. एरवीं पुढच्या पिढीच्या हातीं आपण नीट मोजलेलें ओझें देऊं, इतकेंच.