लॉर्ड्सचा उतार

डोळे मिटू नका. आज ते उघडेच असू द्या.

लंडनमधली सकाळ आहे. खेळ सुरू व्हायला अजून वेळ आहे. पाठीशी विटकरी रंगाचं पॅव्हेलियन आहे, 1890 सालचं. समोर गवत. नुसतं गवत.

डावीकडून उजवीकडे सावकाश पाहा.

सपाट वाटतं ना?

पुन्हा पाहा. आणखी सावकाश.

डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ही जमीन आठ फूट दोन इंच खाली उतरते. डावीकडच्या माणसाचे पाय उजवीकडच्या माणसाच्या डोक्याहून वर असतात. तरी नजरेला हे पटकन कळत नाही.

1814 पासून इथे क्रिकेट चालू आहे. उतार तसाच आहे. राहू दिला ते बरंच केलं, असं मला वाटतं.

श्वास घ्या. सोडा.

आता चालत मधोमध या, पलीकडच्या यष्ट्यांपाशी. पॅव्हेलियनकडे तोंड करून उभे राहा. तुम्ही उजव्या हाताने खेळता, असं धरून चालू.

बॅट टेकवा. पायांकडे लक्ष द्या.

चवडे किंचित वर आहेत. टाचा किंचित खाली. भार मागे सरकतोय.

सरकू द्या. फक्त जाणवू द्या.

पॅव्हेलियनकडून चेंडू येतो. लाल, शिवण उभी. टप्पा पडतो आणि तो उतारासोबत आत वळतो, तुमच्या पॅडकडे.

थांबा. तो टप्पा पुन्हा पाहा.

आता दुसऱ्या टोकाला जा. तीच बावीस यार्ड, तेच गवत. पण इथे चवडे खाली आहेत, डोकं नकळत पुढे झुकतंय. चेंडू टप्प्यावरून उतारासोबत बाहेर निघतो, आणि बॅट त्याच्यामागे जाऊ पाहते.

जाऊ देऊ नका. डोकं स्थिर. श्वास घ्या.

इथेच कधीतरी दिलीप वेंगसरकर उभे आहेत. उंच, ताठ. माटुंग्याच्या दादर युनियन क्लबमध्ये घडलेले. 1979, 1982, 1986. लॉर्ड्सवरच्या लागोपाठ तीन कसोटींत तीन शतकं. शेवटचं नाबाद, 126. त्या कसोटीत भारत इथे पहिल्यांदा जिंकतो. गावसकर आणि तेंडुलकर यांचं कसोटी शतक मात्र इथे नाही. असो.

वेंगसरकरांच्या पायांनाही हाच उतार जाणवला असणार. टाचांना, घोट्यांना.

तो उतार तुमच्याही पायांखाली येऊ द्या.

ऐका. खेळाला पाच मिनिटं उरली की इथे घंटा वाजते. ती अजून वाजलेली नाही.

उताराच्या खालच्या अंगाला, स्टँडच्या वर, वारा दाखवणारा एक म्हातारा आहे. काळबाबाच म्हणा. खांद्यावर कोयता, पाठीत बाक. 1926 पासून तो या मैदानाचा आहे. यष्ट्यांवर वाकलाय आणि त्याचा हात बेलवर आहे.

त्याच्याकडे पाहत राहा. वारा फिरला की तोही फिरतो. हात मात्र तिथेच.

तुमच्या टाचांवर अजून थोडा भार आहे?

असू द्या. घंटा होईपर्यंत असेच उभे राहा.