टाळूला संमती कळत नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात केस गळू लागले की पहिला संशय पाण्यावर जातो. मग शाम्पू, टेन्शन, बाळंतपण. यातली काही कारणं खरीही असतात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा वर्षभरात सावरतात. पण शरीरसंबंधाच्या वेळी, दोघांनाही आवडतं म्हणून ओढले गेलेले केस या यादीत येतच नाहीत. सांगायची लाज वाटते आणि डॉक्टरही सहसा विचारत नाहीत. नुकसान वाढतं ते या लाजेमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

केस ओढण्याचं हे वेड मोबाइलने आणलेलं नाही. लोदींच्या काळातल्या कल्याणमल्लाच्या ‘अनंगरंग’ या संस्कृत ग्रंथात प्रणयातल्या केशग्रहणाचे चार प्रकार दिले आहेत. त्यांतल्या एकात केस दोन्ही तळव्यांत धरायचे असतात. महाभारतात दुःशासनानेही द्रौपदीचे केसच धरले होते. एका ठिकाणी स्त्रीची इच्छा आहे, दुसऱ्या ठिकाणी भरसभेत द्रौपदीवर केलेला अत्याचार. कायदाही हा फरक जाणतो. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीने संमती दिली असेल आणि कृतीत मृत्यूचा वा गंभीर दुखापतीचा हेतू किंवा संभव नसेल, तर त्यातून झालेली इजा भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ प्रमाणे गुन्हा ठरत नाही.

केसाच्या मुळापर्यंत मात्र हा फरक पोचत नाही. रोज पन्नास ते शंभर केस तसेही गळतात. ओढल्यावर हातात आलेल्या चार केसांनी घाबरू नये. वाढीच्या अवस्थेतला केस उपटला तरी बहुतेक वेळा परत येतो, पण महिन्याला साधारण एक सेंटिमीटर याच वेगाने. धोका त्याच जागी पुन्हापुन्हा बसणाऱ्या ताणाचा आहे. ग्रीनलंडमधल्या स्त्रियांच्या घट्ट बांधलेल्या केसांमुळे पडणाऱ्या टकलाची नोंद १९०७ मध्येच झाली होती. शीख पुरुषांच्या घट्ट जुड्यामुळेही असं होतं. सुरुवातीला थांबलं तर केस परततात; वर्षानुवर्षं चाललं तर मुळाच्या जागी व्रण उरतो आणि मग कुठलंही तेल चालत नाही. सकाळच्या लोकलसाठी घट्ट अंबाडा आणि रात्री कपाळालगतच्या त्याच केसांना ओढ, हा दुहेरी भार म्हणूनच वाईट.

कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस नाजूक असतात. तिथे हात घालू नये. डोक्याच्या मागच्या भागात, बोटं टाळूला टेकवून, मूठभर केस मुळाशी धरावेत, म्हणजे ताण अनेक केसांत वाटला जातो. टोकाला धरलेली वेणी, चार-दोन बटा आणि अचानक दिलेला हिसका टाळावा. हिसक्याने मानही लचकते. ओले केस जास्त ताणले जाऊन तुटतात. टाळू दुखत असेल, पुटकुळ्या आल्या असतील किंवा केस आधीच गळत असतील, तर काही आठवडे हे बंदच ठेवावं. ओढल्यानंतर टाळूवर मऊ सूज आली तर आत रक्त साठलेलं असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

या सगळ्याला बोलणं लागतं, आणि बोलायला जागा. एका खोलीच्या घरात, पडद्यापलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना ‘थांब, दुखतंय’ मोठ्याने कसं म्हणणार? ओठ दाबून सोसलं जातं आणि समोरचा ते सोसणं आवड समजतो. म्हणून खूण आधीच ठरलेली हवी: मनगटावर दोनदा टिचकी, की हात त्याच क्षणी सुटला पाहिजे. ती ठरवायची तर स्टेशनवरून घरी चालताना, बदलापूरच्या बारवी धरणाच्या रस्त्यावर, जिथे दोघंच असतील तिथे. काल दिलेला होकार आज धरून चालता येत नाही. ज्याचे केस ओढले जातात, बाई असो की पुरुष, किती आणि कुठे हे त्यानेच ठरवायचं.

डॉक्टरांकडूनही माझी अपेक्षा आहे. ओढल्याने विरळ झालेली जागा प्रेमातही दिसते आणि मारहाणीतही. तेव्हा अंबाड्याबद्दल विचारतात तितक्याच सहजपणे, जोडीदाराला बाहेर बसवून, ‘घरी कुणी केस ओढतं का?’ आणि ‘तुम्हाला ते हवं असतं का?’ हे दोन्ही प्रश्न विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर औषधाच्या चिठ्ठीआधी १८१ ही महिला हेल्पलाइन सांगावी.