बहिःस्थांची कैफियत

पुण्यातील एका व्याख्यानमालेत एका निवृत्त प्राचार्यांनी, ऑनलाइन महाविद्यालय म्हणजे अंथरुणात लोळत मिळणारी पदवी, असा निकाल देऊन टाळ्या घेतल्या, आणि उद्या शस्त्रक्रियाही मोबाइलवरच शिकवणार काय, असा सवाल टाकून ते आसनस्थ झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने वैद्यक, अभियांत्रिकी, विधी आदी पदव्यांना हा मार्ग मुळातच वर्ज्य केला आहे, आणि मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीरही केले आहे. परंतु टाळीपुढे दप्तराची काय मातब्बरी! राहिला अंथरुणाचा मुद्दा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरील, आयआयटींच्या एनपीटेल उपक्रमाच्या अभ्यासक्रमांत घरच्या स्वाध्यायांना शंभरांपैकी पंचवीसच गुण असतात, उरलेल्या पंचाहत्तरांसाठी परीक्षाकेंद्रावर पर्यवेक्षकासमोर बसावे लागते, आणि तेथे अंथरूण नेण्याची मुभा नाही.

खरा भ्रम याहून खोल आहे. विद्या बाकावर मिळते आणि पदवी ही त्या बाकाची पावती, असे आपण धरून चालतो. वास्तविक १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ कित्येक दशके प्रामुख्याने परीक्षा घेणारीच संस्था होती. शिकवी फर्ग्युसन, पारखी मुंबई. पुढे पुणे विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांना परीक्षेची दारे उघडली, तेव्हा नोकरी सांभाळून पदवीधर झालेल्या कारकुनांकडे आणि गृहिणींकडे याच पुण्याने नाक मुरडून पाहिले.

या नाक मुरडण्याला खरे उत्तर दिले ते राम ताकवले यांनी. पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक १९७८ ते १९८४ या काळात पुणे विद्यापीठाचा कुलगुरू होता, आणि १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचे ब्रीद सर्वांना पाठ आहे. परंतु गंगा घरी आणायची तर वाचणाऱ्याला एकट्याने उमगेल असे पुस्तक मुद्दाम रचावे लागते, गावात अभ्यासकेंद्र लागते आणि अडलेल्या ठिकाणी बोट धरणारा समंत्रक लागतो, हा त्या व्यवस्थेचा गाभा मात्र ब्रीदाइतका लोकप्रिय झाला नाही.

येथे माझा प्राचार्यांशी असलेला तंटा वेगळे वळण घेतो. आजच्या कित्येक ऑनलाइन अभ्यासक्रमांनी ‘घरोघरी’ उचलले आणि समंत्रकाला वगळले. फळ्यासमोरचे तेच एकसुरी व्याख्यान चित्रित करून चढवले, की झाले विद्यापीठ. ऑनलाइन शिक्षण महाविद्यालयापासून फार दूर गेले, हा प्राचार्यांचा आक्षेप म्हणूनच मला उलटा वाटतो. ते पुरेसे दूर गेलेच नाही, त्यांच्याच वर्गातील टिपणे उतरवून देण्याची प्रथा त्याने इमानेइतबारे चालू ठेवली आहे. शंका विचारायची सोय तेथेही नव्हती, येथेही नाही.

ज्याला या उणिवेची साक्ष हवी असेल त्याने सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत डोकावावे. स्पर्धापरीक्षेची व्याख्याने मोबाइलवर गावीही ऐकू येतात. तरीही मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुले महिन्याचे भाडे मोजून येथे एक खुर्ची घेतात आणि कानात यंत्र घालून शेजाऱ्याच्या सोबतीने बसतात, कारण नुसते व्याख्यान पुरत नाही. विद्यापीठांनी या अभ्यासिकांनाच आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची अभ्यासकेंद्रे म्हणून मान्यता द्यावी आणि सायंकाळी तेथे समंत्रक बसवावेत. पहिली नेमणूक मी प्राचार्यमहाशयांचीच सुचवतो. मानधन बेताचे असेल आणि टाळ्या मिळणार नाहीत, पण मुले प्रश्न विचारतील.