तोंडदेखली चाकरी

शास्त्रपाठ : कलस्सैकरांस पत्र ३:२२ ते ४:१, लूक ३:१०–१४



आठवड्याचे तास १६८. उपासना, प्रार्थनासभा आणि संडेस्कूल मिळून त्यांतले चार तास प्रभूच्या घरी गेले तर आपण स्वतःला नियमित सभासद म्हणवतो. कामावर आणि कामाच्या वाटेवर मात्र पन्नास-साठ तास जातात. मग आपल्या ख्रिस्ती जीवनाची परीक्षा मंडळीच्या बाकावर होते की हजेरीच्या यंत्रापुढे? आम्हांला वाटते, सैतान या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार आहे. आपल्या चार तासांची तो फारशी फिकीर करीत नाही. त्याचे लक्ष उरलेल्या साठ तासांवर असते.

कलस्सै येथील मंडळीला पौलाने जे पत्र पाठवले, ते तेथे कसे पोहोचले हे त्याच पत्राच्या शेवटी दिले आहे. तुखिक ते घेऊन गेला, आणि त्याच्याबरोबर अनेसिम होता. अनेसिम कोण? फिलेमोनाचा दास. धन्यापासून दूर गेलेला, बहुधा पळालेला, आणि आता पौलाच्या सांगण्यावरून परत येणारा. आता ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. कोणाच्या तरी घरात मंडळी जमली आहे. पुढे घरधनी बसले आहेत, मागे भिंतीला लागून दास उभे आहेत. पत्र मोठ्याने वाचले जात आहे. पत्नींना एक वाक्य, पतींना एक वाक्य, मुलांना एक, बापांना एक. मग दासांची पाळी येते, आणि त्यांच्यासाठी चार वचने. धन्यांना पुन्हा एकच! त्या खोलीत अनेसिमही असेल, आणि सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या असतील.

पौलाने येथे गुलामगिरीच मोडून टाका असे का सांगितले नाही, हा प्रश्न तरुण मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. आम्ही तो झाकून पुढे जाणार नाही. जगाने या वचनांचा पुष्कळ दुरुपयोग केला. गुलामांचे व्यापारीही हीच वचने तोंडावर फेकीत असत. परंतु पौलाने काय केले तेही पाहावे. ज्या माणसाला रोमी कायद्याने स्वतःची म्हणून मालमत्ता नव्हती, त्याला तो सांगतो की तुला वतन मिळणार आहे, आणि ते प्रभूकडून मिळणार आहे. ज्याच्याशी लोक धन्यामार्फत बोलत, त्याच्याशी तो सरळ बोलतो. म्हणजे दासाचे काम हे दासाचे स्वतःचे, प्रभूपुढे हिशेब देण्याजोगे काम आहे, असे त्याने मानले. या बीजातून पुढे काय उगवायचे ते उगवले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पौल येथे एक चमत्कारिक ग्रीक शब्द वापरतो : 'ऑफ्थाल्मोदुलिया'. नव्या करारात तो फक्त दोनदा येतो, एकदा येथे आणि एकदा इफिसकरांच्या पत्रात. त्याची फोड अगदी सोपी आहे : डोळा आणि दास्य. धन्याचा डोळा आहे तोवर चाकरी. डोळा वळला की चाकरी संपली. मराठीत याला 'तोंडदेखली' असा नेमका शब्द आहे, आणि आपल्या भाषेत तो इतका सहज रुळला आहे यावरून हा रोग कलस्सैपुरता नव्हता हे उघड होते.

रात्रपाळीची सिस्टर घ्या. आपल्या मंडळ्यांतून शेकडो मुली या सेवेत गेल्या, आजही जातात. पहाटेचे दोन वाजले आहेत. वॉर्डात शांतता आहे. दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास पाहून तक्त्यावर मांडायचा आहे. पेशंट झोपला आहे, मेट्रन झोपली आहे, डॉक्टर घरी आहेत. मागच्या आकड्यासारखाच एक आकडा तक्त्यात लिहिला तर कोणाला कळणार? बहुतेक वेळा कोणालाच नाही. शंभरांतून एका वेळी कळते, आणि तेव्हा पेशंटच्या नातेवाइकांना फार उशिरा कळते. किंवा बेळगावच्या एखाद्या फाउंड्रीतला कामगार घ्या. कास्टिंगमध्ये हवेचे छिद्र राहिले आहे. त्यात लांबी भरावी, वर रंग मारावा, माल ट्रकमध्ये चढवावा. तो भाग पुढे कोणाच्या पंपात बसेल, कोणाच्या ब्रेकमध्ये बसेल, त्याच्याशी आपला काय संबंध? शिक्षिका वह्या तपासते आणि न वाचताच लाल टिक मारते. बँकेतला किंवा विमा कंपनीतला तरुण महिनाअखेरचे टारगेट पुरे करण्यासाठी एखाद्या म्हाताऱ्या विधवेला अशी पॉलिसी विकतो की तिचे पैसे दहा वर्षे अडकून राहतील, आणि सही कोठे करायची तेवढेच दाखवतो. या चौघांपैकी कोणीही चोर म्हणून पकडला जाणार नाही. चौघेही रविवारी भक्तीने गीते गातील.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात उलट बाजूचे एक उदाहरण आहे, ते येथे आठवते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यात छापले गेले, आणि खिळे जुळवण्याचे काम तेथल्याच मुलीबायांनी केले. रमाबाई १९२२ च्या एप्रिल महिन्यात प्रभूकडे गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. म्हणजे ज्यांच्या नजरेखाली काम सुरू झाले ते डोळे मिटले, तरी काम तडीस गेले. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकेक काना, एकेक मात्रा बोटांनी उचलून बसवायची! त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळातून वाचलेल्या, टाकून दिलेल्या. त्यांची नावे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहेत?

प्रभू येशूच्या स्वतःच्या जीवनाकडे पाहा. लूक सांगतो की त्याने सेवेस आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. उघड सेवा तीन वर्षे, आणि त्याआधीची वर्षे नासरेथात. गावकरी त्याला सुतार म्हणून ओळखीत, असे मार्क नोंदवतो. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर लिहितो की तो नांगर आणि जू तयार करीत असे. ज्यांनी बैलजोडी हाकली आहे त्यांना ठाऊक आहे, जू नीट तासले नाही तर बैलाच्या मानेला घट्टा पडतो, मग जखम होते, मग माशी बसते. बैल तक्रार करीत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात येईपर्यंत हंगाम सरतो. पुढे प्रभूने भागलेल्यांना आपले जू घ्यावयास बोलावले आणि ते सोयीचे असल्याचे सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्यांत त्याच्या दुकानातून जू नेलेला एखादा शेतकरीही असेल काय? शास्त्र सांगत नाही. पण जू वाईट बनवणाऱ्याच्या तोंडी ते आमंत्रण शोभले नसते, एवढे खरे.

येथवर आपण पुष्कळांनी माना डोलावल्या असतील. प्रामाणिकपणे काम करावे, हे सांगायला प्रवचनकार कशाला हवा? अडचण पुढे आहे. काम प्रामाणिकपणे करू दिले जात नाही, तेव्हा काय?

काही खाजगी शाळांतून अशी पद्धत आहे की शिक्षिकेने पूर्ण पगाराच्या आकड्यावर सही करायची आणि हातात निम्मी-पाऊण रक्कम घ्यायची. कोठे पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि काही भाग रोखीने परत द्यावा लागतो. सही केली नाही तर जूनमध्ये नोकरी नाही. घरी दोन मुले, नवऱ्याची मिल बंद. तिला आम्ही काय सांगावे? "सत्य बोल, देव पुरवील," असे व्यासपीठावरून म्हणणे फार सोपे आहे, कारण व्यासपीठावरून बोलणाऱ्याचा पगार त्या सहीवर अवलंबून नसतो. त्याचबरोबर "सगळेच करतात" हेही उत्तर नव्हे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडा म्हटले नाही. ठरल्याहून जास्त घेऊ नका, कोणावर जुलूम करू नका, पगारात समाधानी राहा, असे सांगितले. म्हणजे बरबटलेल्या खात्यातही उभे राहण्याची जागा असते, आणि तिला सीमाही असते. ती सीमा दुसऱ्याच्या नुकसानीपाशी सुरू होते. त्या शिक्षिकेच्या बाबतीत लुबाडली जाते ती तीच. लुबाडणारा आणि लुबाडली जाणारी यांना एकाच फटक्याने पापी म्हणणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. तरी खोट्या कागदावरची सही तिच्या मनाला टोचते, आणि ते टोचणे आत्म्याचे आहे. ते बोथट होऊ देऊ नये.

आमच्या भागात आणखी एक प्रश्न दरवर्षी येतो. खंडेनवमीला, किंवा कानडी मुलखात म्हणतात त्या आयुधपूजेला, कारखान्यात यंत्रांची पूजा असते. ख्रिस्ती कामगाराने काय करावे? येथे सिरियाच्या नामान सेनापतीची गोष्ट उपयोगी पडते. देवाने त्याला बरे केल्यावर त्याने अलीशाला आपली अडचण सांगितली : राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो, मला त्याच्याबरोबर वाकावे लागते. अलीशाने त्याला ना परवानगी दिली ना झिडकारले. शांतीने जा म्हणाला. आम्ही यातून असे समजतो की हा प्रश्न ओरडून सोडवण्यासारखा नाही. आदल्या दिवशी यंत्र धुऊन पुसून लख्ख करण्यात सर्वांच्या पुढे असावे. आरतीच्या वेळी अदबीने बाजूला राहावे. प्रसादाचा प्रश्न पौलाने करिंथकरांना समजावला आहे, तो आपापल्या विवेकाने सोडवावा. पण देणाऱ्या सोबत्याचा अपमान होईल अशी भाषा तोंडातून निघू नये. वर्षभर ज्याने मशीनखाली वंगण घातले नाही त्याने एके दिवशी मोठा विश्वासवीर व्हावे, हे सोबत्यांना हास्यास्पद वाटते. दानीएलाच्या शत्रूंनी त्याच्या कारभारात दोष शोधला, तो सापडला नाही, म्हणून शेवटी त्यांना त्याच्या प्रार्थनेकडे वळावे लागले. क्रम ध्यानात घ्यावा.

आणि आता मंडळीने ऐकावे असे काही. एखादा भाऊ लाच घेण्यास नकार देतो आणि त्याची दूरच्या गावी बदली होते. एखादी बहीण खोट्या बिलावर सही करीत नाही आणि कामावरून कमी होते. मंडळी काय करते? विशेष प्रार्थना ठेवते, ते योग्यच. पण पौलाने फिलेमोनाला काय लिहिले? अनेसिमाचे काही देणे असेल तर माझ्या नावे मांड, मी फेडीन, आणि हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. लिहिणारा धनवान नव्हता. करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्लांबरोबर राहुट्या शिवून पोट भरलेला माणूस, आणि त्या घटकेला बेड्यांत. तरी त्याने हमी घेतली. आपल्या फंडातून रंगरंगोटीला, माइकला आणि वाढदिवसाच्या केकला पैसे निघतात. प्रामाणिकपणापायी ज्याची मिळकत बुडाली त्याच्या तीन महिन्यांच्या किराण्याला निघतात काय? ते निघत नसतील तर त्या शिक्षिकेला सही करू नको असे सांगण्याचा आपल्याला कितीसा अधिकार पोहोचतो?

धन्यांसाठी पौलाने एकच वचन लिहिले, पण ते जड आहे : जे न्याय्य आणि समान ते द्या, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. याकोब तर म्हणतो की अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. इंदूरच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तेथली हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे! सुमारे ४,८०० कामगारांचा तो हक्क होता, आणि वाट पाहता पाहता कित्येक जण वारले. मोशेच्या नियमशास्त्राने मजुराची मजुरी एक रात्रसुद्धा ठेवून घेण्यास मनाई केली आहे.

गिरणीमालकाकडे बोट दाखवताना मात्र आपणही कोणाचे तरी धनी आहोत, हे विसरता येत नाही. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला आपण नाताळच्या दिवशी सुट्टी देतो की पाहुणे आहेत म्हणून लवकर बोलावतो? तिच्या खाड्याचे पैसे कापतो काय? आणि मंडळीचा राखणदार, वसतिगृहातली स्वयंपाकीण, बालवाडीची शिक्षिका यांनी पगारवाढ मागितली की कमिटीत एक ठरलेले वाक्य ऐकू येते : "ही तर देवाची सेवा आहे." काम प्रभूसाठी करावे, हे वचन काम करणाऱ्याने स्वतःला सांगायचे आहे. पगार देणाऱ्याने ते काम करणाऱ्याला ऐकवू लागणे, हा शास्त्राचा उलटा उपयोग होय. देणाऱ्यासाठी वेगळे वचन आहे, आणि ते लगेच पुढच्याच ओळीत आहे.

वार्षिक सभा जवळ आल्या आहेत. बहुतेक ठिकाणी अंदाजपत्रक शेवटी येते, जेवणाची वेळ झालेली असते, आणि राखणदाराच्या पगाराची ओळ कोणी वाचत नाही. कोणा सभासदाने यंदा तेवढी ओळ मोठ्याने वाचावी, राखणदार बाहेर गेटपाशी नसून आत बसलेला असताना.