रत्नांशी खेळणारी मुले

हिरा हा मुळात एक दगड. त्याला मोल देतो माणूस. आणि पुढे त्याच दगडावरून तो माणसाचे मोल ठरवू लागतो. या उलट्या न्यायाची थट्टा संत थॉमस मोर यांनी १५१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युटोपिया’ या लॅटिन ग्रंथात केली आहे.

त्या कल्पित बेटावर किनाऱ्याला मोती सापडतात, खडकांत हिरे-माणके मिळतात. लोक ती मुद्दाम शोधीत नाहीत. सापडलीच तर घासूनपुसून मुलांना खेळायला देतात. मुले जाणती झाली, की कोणी न सांगता ती आपणहून टाकून देतात. सोन्याची तेथे शौचपात्रे होतात आणि गुलामांच्या बेड्या. एकदा परदेशचे तीन राजदूत शंभर जणांच्या लवाजम्यासह येतात. अंगावर जरीची वस्त्रे, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, टोप्यांवर रत्ने! बेटावरील लोक मात्र सर्वांत साध्या वेशातील सेवकांना मुजरा करतात आणि राजदूतांना गुलाम समजतात. एवढा थोराड माणूस अजून पोरासारखे खडे मिरवतो, याचे एका मुलाला नवल वाटते. आई त्याला गप्प करते. तिच्या मते तो राजदूतांचा विदूषक असावा.

आपण हसतो. पण युटोपियाच्या लोकांनी तरी वेगळे काय केले? राजदूत दागिन्यांवरून स्वतःला थोर समजत होते. लोकांनी दागिन्यांवरूनच त्यांना हीन ठरवले. माणसाकडे कोणीच पाहिले नाही. शिवाय सोन्याची झाली, तरी बेडी ती बेडीच. मानाचे चिन्ह अपमानाचे केल्याने उच्चनीचता संपत नाही. तिची केवळ जागा बदलते.

मग सुटका कशात आहे? याचे उत्तर ग्रंथापेक्षा ग्रंथकाराच्या जीवनात अधिक स्पष्ट दिसते. मोर यांना साधा वेश आवडे, अगदीच टाळता येत नसेल तेव्हाच ते सोन्याची साखळी घालीत, असे त्यांचे मित्र इरॅस्मस यांनी १५१९ मध्ये लिहून ठेवले आहे. १५२७ साली होल्बाइनने काढलेल्या चित्रात ती राजसेवेची साखळी त्यांच्या खांद्यावर दिसते. १५२९ मध्ये ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. परंतु राजा आठवा हेन्री ख्रिस्तसभेवर अधिकार सांगू लागला, तेव्हा १५३२ साली त्यांनी ते पद सोडले आणि ६ जुलै १५३५ रोजी शिरच्छेद पत्करला. जाणते झालेले मूल खेळणे खाली ठेवते, तशी त्यांनी प्रतिष्ठा खाली ठेवली.

साखळी घालणे हा दोष नव्हे. वेळ आली असता ती उतरवता न येणे, हे खरे दास्य. आणि पाहणाऱ्याचे काय? सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाचे आसन आणि मळक्या वस्त्रातील गरिबाला पायांपाशी जागा, या भेदभावाबद्दल संत याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. चर्चच्या दारात वा लग्नमंडपात समोरून कोणी येतो, तेव्हा आपली नजर प्रथम कोठे जाते? त्याच्या गळ्याकडे, की चेहऱ्याकडे? आपण जाणते झालो की नाही, हे त्या एका क्षणात ठरते.