ठेवणीतले

आमच्या राजारामपुरीतल्या घरात शिलाई मशीनला एक कोपरा आहे, आणि मशीनवर शिवायच्या कापडांना एक लोखंडी कपाट, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि पलंगाखालची झाडून सगळी जागा. यात दोष सौ.चा नाही, गावाचा आहे. जवळच इचलकरंजी, जिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि मग गावच्या गाव खडखडू लागले. त्याहून जवळ गांधीनगर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी उभे केलेली कापडाची पेठ. खुद्द कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली गिरणी काढली होती. ती आता बंद आहे. साठ्याचे काम तेवढे आमच्या कपाटाने पुढे चालू ठेवले आहे.

यंदा उन्हाळ्यात सौ.ने हा सगळा माल बाहेर काढून वर्गवारी आरंभली. 'शिवायचे', 'द्यायचे' आणि 'बघू' असे तीन ढीग. प्रत्येक तुकड्याला टाचणीने चिठ्ठी: अभ्रे, पिशवी, पडदा, झबले. (झबले कुणाचे, हे विचारायचे धाडस झाले नाही.) 'बघू'चा ढीग माझ्या छातीला लागला तेव्हा माझ्यातला बँकवाला जागा झाला. म्हटले, "दोन वर्षं व्यवहार नाही झाला की आम्ही खातं निष्क्रिय धरतो. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. २०१४ पासून नियमच आहे तसा."

"आणि नंतर मालक आला तर?"

"तर… परत मिळतात."

"मग झालं तर," असे म्हणून तिने पुढची टाचणी उचलली.

'द्यायचे' या ढिगात सगळे ओटीचे ब्लाऊजपीस. हे कापड नव्हेच, हे चलन आहे. हळदीकुंकवाला एकीकडून येते, बारशाला दुसरीकडे जाते. कात्री कुणीच लावत नाही. हळदीचा डाग पडलेला एक पोपटी पीस तर दोन वर्षांनी आमच्याच घरी परत आला, फाटक्या नोटेसारखा. आपण जे अंगाला लावणार नाही ते दुसऱ्याला द्यावे का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आता वाटते, देणारीला ठाऊक, घेणारीला ठाऊक, तर फसले कोण? नोट तरी आपण कुठे खातो?

गाडे अडले ते एका खणापाशी. गुळेदगुडचा, गर्द जांभळा, दोन्ही कडांना काठ. आमच्या सासूबाईंनी नातीच्या परकर-पोलक्यासाठी घेतलेला. त्या गेल्या, आणि नात पुण्याला इंजिनिअरिंगला असून जीनखेरीज काही घालत नाही. मी म्हटले, पर्स शिव, उशी शिव, हल्ली खणाच्या सगळ्याच वस्तू करतात. ती म्हणाली, "आईनं पर्ससाठी नव्हता घेतला." हेही खरे. शिवावा तर आईचा बेत मोडतो. न शिवावा तर तो कधीच पुरा होत नाही. माणूस गेल्यावर त्याचा राहिलेला बेत कुणाच्या नावावर चढवायचा, याला आमच्या बँकेत फॉर्म नाही. पैशाला वारस लावता येतो. बेताला?

मी वाकळीचे नाव काढून पाहिले. आमच्याकडे जुनेर शेवटी वाकळीत जाते. चार घरची लुगडी एका दोऱ्याखाली गुण्यागोविंदाने नांदतात. पण तो मान वापरून मऊ झालेल्या कापडाचा. जे कधी अंगालाच लागले नाही, त्याला तिथेही जागा नाही, असे सौ.चे मत पडले. मला ते पटले, आणि थोडे वाईटही वाटले. खणाबद्दलच की काय कोण जाणे.

शेवटी तिने त्यालाही चिठ्ठी टाचली. तीवर 'आईचा' एवढेच लिहिले. तिन्ही ढिगांत न घालता कपाटात वरचा एक कप्पा त्याला एकट्याला दिला, आणि त्या कप्प्यातले माझे दोन स्वेटर उचलून 'बघू'त टाकले.